एका गुणावर अजिंक्य, सहा गुणांवर बाद: सॅफ फुटबॉलचं गणित

सप्टेंबर २०१८, ढाका. दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ अजिंक्यपद फुटबॉल स्पर्धेच्या एका गटात तीनच संघ होते: भारत, श्रीलंका आणि मालदीव. भारताने दोघांनाही २-० असं हरवलं. श्रीलंका आणि मालदीव एकमेकांशी ०-० खेळले. आता या दोघांचा हिशोब मांडून पाहा. गुण प्रत्येकी एक. केलेले गोल शून्य. खाल्लेले गोल दोन. आपसातला सामना बरोबरीत. दोघांत वरचा कोण हे ठरवायला काही उरलंच नाही, म्हणून नाणं उडवलं गेलं. कौल मालदीवला मिळाला. तोवर एकही सामना न जिंकलेला, एकही गोल न केलेला हा संघ उपांत्य फेरीत गेला, तिथे त्याने नेपाळला ३-० असं लोळवलं आणि अंतिम सामन्यात भारताला २-१ हरवून करंडक आपल्या राजधानीत, मालेला नेला.

त्याच स्पर्धेच्या दुसऱ्या गटात चार संघ होते. यजमान बांगलादेशाने भूतानला हरवलं, पाकिस्तानलाही हरवलं. दोन सामन्यांत सहा गुण. शेवटच्या सामन्यात नेपाळकडून ०-२ हार झाली. पाकिस्तानने नेपाळला आधीच २-१ हरवलेलं होतं, त्यामुळे नेपाळ, पाकिस्तान आणि बांगलादेश तिघेही सहा गुणांवर आले आणि गोलांच्या हिशोबात बांगलादेश तिसरा ठरला. सहा गुण मिळवूनही तो घरी गेला. (घरीच होता म्हणा, स्पर्धा ढाक्यातच होती.)

तेव्हा अनेकांनी याला नशिबाचा खेळ म्हटलं. मला ते पुरेसं वाटत नाही. नाणं उडवण्याची वेळ येते ती स्पर्धेच्या रचनेमुळे, आणि रचना अशी का आहे हे शोधत गेलं की दक्षिण आशियातल्या फुटबॉलचं, त्यातल्या राजकारणाचं आणि भारताच्या नऊ करंडकांचंही बरंचसं कोडं सुटतं. आपल्याकडे सॅफची बातमी दोनच मथळ्यांखाली येते: भारत जिंकला तर ‘अजिंक्य’, हरला तर ‘नामुष्की’. मधलं सगळं गळून जातं.

आधी ही स्पर्धा नेमकी कुठे बसते ते पाहू. सगळ्यात वर फिफा. तिच्या खाली खंडांचे महासंघ, आशियासाठी एएफसी. एएफसीचे ४७ सदस्य जपानपासून लेबनॉनपर्यंत पसरलेले आहेत, म्हणून खंडाचे पाच विभाग केलेत: पश्चिम, मध्य, दक्षिण, आग्नेय आणि पूर्व. प्रत्येक विभागाचा स्वतःचा महासंघ आणि स्वतःची स्पर्धा. आपला विभाग म्हणजे सॅफ, दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव आणि भूतान असे आज त्याचे सात सदस्य. पाच विभागांत सर्वांत कमकुवत कोणता, यावर फारसा वाद होत नाही. या सातांपैकी एकही देश विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कधी खेळलेला नाही.

गंमत म्हणजे स्पर्धा महासंघापेक्षा जुनी आहे. १९९३ मध्ये लाहोरला ती ‘सार्क’च्या नावाने सुरू झाली. संघ चार, बाद फेरी नाही, सगळे सगळ्यांशी खेळले आणि भारत पहिला आला. १९९५ मध्ये कोलंबोत यजमान श्रीलंकेने अंतिम सामन्यात भारताला जादा वेळेत १-० हरवलं. महासंघ स्थापन झाला १९९७ मध्ये. १९९९ ची स्पर्धा गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाली आणि भारताने बांगलादेशाला २-० हरवून ती जिंकली. ज्या सार्कच्या नावाने हे सगळं सुरू झालं, त्या सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही. फुटबॉल मात्र धडपडत का होईना, सुरू आहे.

आजवरच्या चौदा स्पर्धांपैकी नऊ भारताने जिंकल्या, दोन मालदीवने, आणि श्रीलंका, बांगलादेश व अफगाणिस्तान यांनी एकेक. २००३ चा अपवाद सोडला तर प्रत्येक वेळी भारत एक तर अजिंक्य किंवा उपविजेता. नेपाळ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला तो २०२१ मध्ये. पाकिस्तान अजून एकदाही नाही.

आता २०१८ च्या नाण्याकडे. सात सदस्य म्हणजे विषम संख्या. दोन गट करायचे तर एकात चार, दुसऱ्यात तीन. तिघांच्या गटात प्रत्येकाचे सामने फक्त दोन. त्यातून एक संघ बलाढ्य असेल आणि त्याने उरलेल्या दोघांना सारख्याच फरकाने हरवलं, तर त्या दोघांचं भवितव्य एका सामन्यावर येतं. तो बरोबरीत सुटला की संपलं. चौघांच्या गटात सहा सामने होतात, आकडे जास्त जमतात, म्हणून तिथे सगळंच सारखं होण्याची शक्यता बरीच कमी. पण तिथे दुसरी भानगड असते. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलं की गुण निर्णय देऊ शकत नाहीत, आणि मग चौथ्या, दुबळ्या संघाला कोणी किती गोल घातले याला महत्त्व येतं. नेपाळने भूतानला चार घातले, पाकिस्तानने तीन, बांगलादेशाने दोन. बांगलादेशाचा प्रशिक्षक भूतानविरुद्ध २-० वर समाधानी राहिला असेल तर त्याला दोष देता येत नाही; दोनच दिवसांनी अजून एक सामना खेळायचा असताना कोण आपले खेळाडू दमवेल? तरी आपसातल्या सामन्यांपुरता हिशोब केला असता तरी क्रम हाच आला असता: नेपाळ अधिक एक, पाकिस्तान शून्य, बांगलादेश उणे एक. म्हणजे बांगलादेशावर अन्याय झाला असं म्हणायला जागा नाही. श्रीलंकेचं मात्र वाईट वाटतं.

हे टाळायचा सरळ उपाय म्हणजे गटच नकोत, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावं. २०२१ मध्ये मालेला तसंच झालं, पण ठरवून नव्हे. पाकिस्तानवर फिफाची बंदी होती आणि भूतानने कोविडच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे माघार घेतली होती. पाच संघ उरले, साखळी खेळले, पहिले दोन अंतिम सामन्यात. त्या स्पर्धेत भारताची सुरुवात बांगलादेशाशी १-१ आणि श्रीलंकेशी ०-० अशी झाली होती. दोन सामन्यांनंतर भारत बाद होण्याच्या काठावर होता हे आज कोणाला आठवत नाही, कारण पुढे नेपाळला १-० आणि मालदीवला ३-१ हरवून तो अंतिम सामन्यात गेला, तिथे नेपाळला ३-० नमवलं, आणि सुनील छेत्रीने ८० वा आंतरराष्ट्रीय गोल करून तेव्हाच्या मेस्सीच्या आकड्याशी बरोबरी केली. बातमी मेस्सीची झाली.

आता थोडं गणित. ते टाळून हा विषय कळत नाही, आणि अवघडही नाही.

ऑगस्ट २०१८ पासून फिफाची क्रमवारी एका सूत्रावर चालते. प्रत्येक संघाच्या खात्यात काही गुण असतात. सामना झाला की त्यात भर पडते किंवा घट होते, आणि ती किती हे दोन गोष्टींवर ठरतं: सामना किती महत्त्वाचा होता, आणि निकाल अपेक्षेपेक्षा किती वेगळा लागला. निकालाची किंमत विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. अपेक्षा काढतात दोन संघांच्या गुणांतल्या अंतरावरून. दोघे तोडीस तोड असतील तर दोघांकडूनही अर्ध्याची अपेक्षा. अंतर ३०० गुणांचं असेल तर वरच्या संघाकडून ०.७६ ची, खालच्याकडून ०.२४ ची. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने नव्वद टक्के आणले तर घरात कोणी पेढे वाटत नाही, पण काठावर पास होणाऱ्याने साठ आणले तर वाटतात. फिफाचं सूत्र त्या घरासारखंच वागतं.

महत्त्वाचा आकडाही ठरलेला आहे. विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपासूनच्या सामन्याला ६०. आशियाई चषकासारख्या खंडीय स्पर्धेच्या गट सामन्याला ३५. पात्रता फेरीला २५. फिफाने राखून ठेवलेल्या तारखांना झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १०, आणि त्या तारखांबाहेरच्याला ५. सॅफ कुठे बसते? खंडीय अजिंक्यपदात नाही, पात्रता फेरीतही नाही. ती जाते मैत्रीपूर्ण सामन्यांच्या रकान्यात. राष्ट्रगीतं वाजोत, करंडक उचलला जावो, लाल कार्ड निघोत, फिफाच्या वहीत तो दोस्तीतला सामना.

३०० गुणांनी मागे असलेल्या शेजाऱ्याशी भारत राखीव तारखांबाहेर खेळतो असं धरा. जिंकला तर मिळतील पाच गुणिले ०.२४, म्हणजे सव्वा गुणाच्या आत-बाहेर. बरोबरी झाली तर जवळजवळ तेवढेच जातील. हरला तर पावणेचार जातील. समोरच्या संघाचं बरोबर उलट: हरला तरी सव्वाच जातो, जिंकला तर पावणेचार येतात. शूटआउटचा नियम आणखी मजेशीर. पेनल्टीवर जिंकणाऱ्याला एक नव्हे, ०.७५ धरतात, आणि हरणाऱ्याला बरोबरीचे अर्धे तसेच ठेवतात. म्हणजे ३०० गुणांनी मागे असलेल्या संघाला भारताने अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरवलं तर करंडक हातात येतो आणि खात्यात काहीच पडत नाही, अपेक्षा ०.७६ ची होती, निकाल ०.७५.

म्हणूनच सॅफ जिंकूनही भारत क्रमवारीत का चढत नाही, हा प्रश्न सोडवायला फार खोल जावं लागत नाही. जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूची स्पर्धा जिंकल्यावर भारत ९९ वर होता. मग जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असे तीन सामने हरला आणि फेब्रुवारीच्या यादीत थेट ११७ वर आला. पाचाच्या भावाने जमवलेलं पस्तिसाच्या भावाने गेलं.

राखीव तारखांचा उल्लेख आलाच आहे तर तेही पाहू, कारण २०१८ चा अंतिम सामना भारताने का गमावला याचं उत्तर त्यातही आहे. खेळाडूला पगार देतो क्लब. देशासाठी त्याला सोडायची सक्ती क्लबवर फक्त फिफाने वर्षभरात राखलेल्या मोजक्या तारखांना असते, शिवाय विश्वचषक आणि खंडीय अजिंक्यपदाला. विभागीय स्पर्धा त्यात येत नाहीत. मालदीव किंवा भूतानला याचा फार त्रास नाही. त्यांचे बहुतेक खेळाडू देशांतर्गत क्लबांतच, आणि महासंघ सांगेल तेव्हा लीग थांबते. भारतात क्लबांचे मालक मोठे आहेत, पैसा मोठा आहे, आणि प्रशिक्षकाला वेगळीच काळजी असते: पाच गुणांच्या स्पर्धेत मुख्य खेळाडू झिजवायचे का?

मग भारत काय करतो? कधी कधी पोरं पाठवतो. २००९ मध्ये ढाक्याला २३ वर्षांखालचा संघ पाठवला आणि त्याने मालदीवला पेनल्टीवर हरवून करंडक आणला. २०१८ मध्ये प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पुन्हा तसाच तरुण संघ नेला. त्याला एक कारणही होतं. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धेला फुटबॉल संघ पाठवायला भारतीय ऑलिंपिक संघटनेने नकार दिला होता, त्यामुळे या वयाच्या मुलांना खेळायला मोठी स्पर्धाच उरली नव्हती. उपांत्य सामन्यात त्यांनी पाकिस्तानला ३-१ हरवलं, मनवीर सिंगने दोन गोल केले. अंतिम सामन्यात समोर मालदीवचा मुरलेला संघ होता. त्या पराभवाला नामुष्की म्हणणाऱ्यांनी संघाची यादी वाचली नसावी.

क्लब विरुद्ध देश ही ओढाताण अलीकडे आणखी उघडपणे दिसली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत मध्य आशियाच्या नेशन्स कपला पाहुणा म्हणून गेला, मलेशियाच्या जागी. स्पर्धा राखीव तारखांच्या थोडी आधीच सुरू होत होती, आणि त्याआधीच्या शिबिराला मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. नियमाने क्लबची बाजू बरोबर होती. तरीही नवे प्रशिक्षक खालिद जमील, ज्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईत एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेडकडून गेली, तिसरा क्रमांक घेऊन परतले. ओमानला पेनल्टीवर हरवून.

पाहुणे बोलावणं हा आता सर्रास प्रकार झाला आहे. २०२३ मध्ये बेंगळुरूला कुवेत आणि लेबनॉन खेळले. नकाशावर ते दक्षिण आशियात येत नाहीत हे सांगायला नको. पण श्रीलंकेवर त्या वर्षी फिफाची बंदी होती, सदस्य सहाच उरले होते, आणि भारताला तगडे प्रतिस्पर्धी हवे होते. आठ संघ, चार-चारचे दोन गट, नाण्याचा प्रश्न मिटला. त्या स्पर्धेचे निकाल नीट वाचण्यासारखे आहेत. भारताने पाकिस्तानला ४-० आणि नेपाळला २-० हरवलं. मग कुवेतशी १-१. उपांत्य फेरीत लेबनॉनशी ०-०, पेनल्टीवर विजय. अंतिम सामन्यात पुन्हा कुवेतशी १-१, भारताचा गोल मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेचा, आणि पुन्हा पेनल्टी. सहाव्या फटक्यावर गुरप्रीत सिंग संधूने कुवेतच्या कर्णधाराचा चेंडू अडवला. कांतीरवा स्टेडियम दणाणून गेलं ते योग्यच. पण पाहुण्यांशी झालेल्या तीन सामन्यांपैकी एकही भारताला नव्वद मिनिटांत जिंकता आला नव्हता. शेजाऱ्यांना सहज हरवणारा संघ कुवेत-लेबनॉनसमोर बरोबरीचा निघतो, ही त्या स्पर्धेतली खरी माहिती होती. ती करंडकाच्या फोटोखाली दबली.

फिफाची बंदी हा शब्द आतापर्यंत दोनदा आला. ती या भागात इतकी का येते? नियम असा की देशाचा फुटबॉल महासंघ स्वतः चालला पाहिजे. सरकार, न्यायालय किंवा आणखी कोणी कारभार ताब्यात घेतला तर सदस्यत्व स्थगित. पाकिस्तानवर एप्रिल २०२१ मध्ये बंदी आली कारण फिफाने नेमलेल्या समितीकडून एका गटाने मुख्यालय बळकावलं. ती जून २०२२ मध्ये उठली. दोन महिन्यांत भारताची पाळी: सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीमुळे १६ ऑगस्ट २०२२ ला बंदी, २६ ला उठली. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंका. दोन वर्षांच्या आत सातापैकी तीन सदस्य कधी ना कधी बाहेर. महासंघांची खुर्ची हे या देशांत राजकारण्यांचं आवडतं आसन आहे, निवडणुका लांबतात, कोर्टात खटले जातात आणि मग झुरिकहून, फिफाच्या मुख्यालयातून, पत्र येतं. खेळाडूंचा यात काही दोष नसतो आणि भोगतात तेच.

संघ कमीजास्त होण्याचं आणखी एक कारण अफगाणिस्तान. २००५ मध्ये ते सॅफमध्ये आले आणि दहा वर्षांनी नव्या मध्य आशियाई महासंघात गेले. मधल्या काळात त्यांनी भारताशी सलग तीन अंतिम सामने खेळले. २०११ मध्ये दिल्लीत भारताने ४-० असे धुतले; तेव्हा भारताचे प्रशिक्षक होते गोव्याचे सॅव्हिओ मेदेरा. दोन वर्षांनी काठमांडूत अफगाणिस्तानने २-० असा वचपा काढला. गोलरक्षक मन्सूर फकीरयारने त्या स्पर्धेत अशक्य वाटणारे चेंडू अडवले होते. काबूलमध्ये लोक रात्री रस्त्यावर उतरले. युद्धाशिवाय दुसऱ्या कारणाने गर्दी जमायची सवय त्या शहराला नव्हती. तिसरा सामना तिरुवनंतपुरमला जानेवारी २०१६ मध्ये, भारत जादा वेळेत २-१.

दोन वर्षांत ०-४ वरून २-० कसं झालं? अफगाण संघात जर्मनीत वाढलेली निर्वासितांची मुलं होती. तिथल्या खालच्या लीगमध्ये खेळणारा खेळाडूही आपल्याकडच्या मुलापेक्षा लहानपणापासून जास्त शिस्तीत, जास्त सामने खेळून आलेला असतो. इतर शेजाऱ्यांनीही हाच मार्ग धरला. बांगलादेशाचा कर्णधार जमाल भुइयां कोपनहेगनमध्ये जन्मला. लेस्टर सिटीचा हमझा चौधरी, आई सिल्हेटकडची, आता बांगलादेशाकडून खेळतो. पाकिस्तानचा संघ ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या पाकिस्तानी घरांतून भरला जातो.

भारताला हा मार्ग बंद आहे, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि देशाकडून खेळायला पासपोर्ट लागतो. तेव्हा भारताकडून खेळायचं तर आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो. पुणे एफसीचा अराता इझुमी, वडील गुजराती आणि आई जपानी, याने जपानचं नागरिकत्व सोडून ते केलं. बेंगळुरूचा रायन विल्यम्स, ज्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं सोडलं. एवढं सोडायला तयार होणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला व्यक्तिशः कायदा बदलण्याची घाई वाटत नाही, पण शेजारी कसे पुढे आले हे विचारणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यायला हवा.

व्हिसाचा विषय थोडक्यात. भारत-पाकिस्तान क्रिकेट मालिका थांबल्यावरही फुटबॉलचे संघ सॅफमध्ये भेटत राहिले. पाकिस्तानने ही स्पर्धा दोनदाच भरवली, १९९३ ला लाहोरला आणि २००५ ला कराचीत, आणि दोन्ही वेळा करंडक भारताने नेला. २०२३ मध्ये पाकिस्तानच्या संघाचे व्हिसा इतके रेंगाळले की मॉरिशसहून निघालेला संघ मुंबईमार्गे बेंगळुरूला पोहोचला तो सामन्याच्याच दिवशी. त्या संध्याकाळी पावसात छेत्रीने तीन गोल केले. ४-० हा निकाल वाचताना त्या प्रवासाचे काही गोल वजा करावेत असं माझं मत आहे. पुढची स्पर्धा एका देशात न भरवता घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळवायचा बेत सॅफने आखला होता. २०२५ ची स्पर्धा पुढे ढकलली गेली आणि बेत लांबला. आग्नेय आशियाने हे कधीच साधलंय. तिथली स्पर्धाही मैत्रीपूर्ण सामन्यांच्याच भावाची, पण आधी टायगर बिअर, मग सुझुकी, मग मित्सुबिशी असे प्रायोजक तिला मिळत गेले आणि अंतिम सामन्याचे दोन्ही टप्पे भरलेल्या स्टेडियममध्ये होतात. अर्थात व्हिएतनाम आणि थायलंडच्या संघांना एकमेकांकडे जायला सरकारी परवानग्यांची वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्यात भारताच्या नऊ करंडकांचं काय करायचं? माझ्या मते ते भारताची पातळी दाखवत नाहीत. शेजाऱ्यांशी असलेलं अंतर दाखवतात, आणि तेही कमी होत आलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्डावर सिंगापूरने भारताला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद केलं. महिनाभराने त्याच पात्रता फेरीत ढाक्याला बांगलादेशाने भारताला १-० नमवलं. बांगलादेशाने भारताला त्याआधी हरवलं होतं २००३ मध्ये, सॅफच्याच उपांत्य सामन्यात. बावीस वर्षांनी मिळालेल्या या विजयाचा भाव पंचविसाचा होता.

मालदीवकडून मात्र हाच प्रश्न वेगळा दिसतो. पाच लाखांच्या आसपास वस्ती, बेटांवर पुरेशी सपाट जमीन नाही, आशियाई चषकाची अंतिम फेरी कधी पाहिलेली नाही. २००८ मध्ये कोलंबोत मुख्तार नसीरने सामना संपायला काही मिनिटं असताना भारताविरुद्ध गोल केला आणि देशाला पहिला करंडक मिळाला. अली अश्फाकने २०१३ मध्ये एका स्पर्धेत दहा गोल केले, त्यातले सहा श्रीलंकेविरुद्ध एकाच सामन्यात. या माणसाला मालेत कोणी सॅफचा भाव पाच आहे की पन्नास असं विचारत नसेल. भूतान २००८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला आणि भारताला जादा वेळेपर्यंत झुंजवून १-२ हरला. त्यांच्यासाठी यापेक्षा मोठा मंच वर्षानुवर्षं नसतोच.

आणि महिलांच्या सॅफमध्ये तर शिडीसारखा उपयोग झालेला दिसतो. ही स्पर्धा २०१० मध्ये कॉक्स बाजारला सुरू झाली. पहिल्या पाचही स्पर्धा भारताने एकही सामना न हरता जिंकल्या. मग २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशाने गटात भारताला ३-० हरवलं, उपांत्य फेरीत नेपाळने भारताला बाहेर काढलं, आणि दशरथ रंगशालेत नेपाळला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ हरवून बांगलादेश अजिंक्य ठरला. ढाक्यात उघड्या टपाच्या बसमधून मिरवणूक निघाली. त्या पिढीतल्या काही मुली मयमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूर या एकाच गावच्या शाळेतून आल्या होत्या, काही चट्टग्रामच्या डोंगरी भागातून. २०२४ मध्ये त्याच मैदानावर त्याच नेपाळला २-१ हरवून त्यांनी करंडक राखला; विजयी गोल ऋतुपर्णा चाकमाचा.

तीन महिन्यांत त्यांतल्या अठरा जणींनी प्रशिक्षकाविरुद्ध बंड पुकारलं, आणि आता हा संघ फुटणार असं सगळ्यांनी धरलं. २ जुलै २०२५ ला यांगूनमध्ये, क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या म्यानमारला त्यांच्या घरच्या मैदानावर बांगलादेशाने २-१ हरवलं. दोन्ही गोल ऋतुपर्णाचे. बांगलादेशाच्या महिला पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र ठरल्या होत्या. तीन दिवसांनी थायलंडला हरवून भारताच्याही ठरल्या.